मे महिन्यात पेटणारा दिवा

कूलरमधून काढलेला एक पंप.

एका काडीचा काळा गॉगल, दुसऱ्या बाजूला दोरा बांधलेला.

बोअरच्या पाण्याचा पांढरा थर.

एक रेणू. त्याला मागे वळता येत नाही.

डिसेंबरातली सकाळ, लाल ठिपका.

"मॅडम, सही इथं करा."

मित्रांनो, हे सगळे माझ्याच आयुष्याचे तुकडे आहेत. मी एक जुना, तडकलेला दिवा आहे. अकोल्याच्या एका कॉलेजात, रसायनशास्त्र विभागाच्या मागच्या कपाटात मला ठेवलं आहे. पेटलेला असलो की मला दिसायचं. विझलो की फक्त ऐकू यायचं. म्हणून माझी गोष्ट सलग नाही. जशी घडली तशी, उजेड-अंधारातच सांगतो.

*पेटलेला*

मी घरातल्या दिव्यांपैकी नाही. माझी नळी क्वार्ट्झची आहे आणि माझ्या पोटात पारा आहे. माझा बराचसा उजेड डोळ्यांना दिसत नाही, पण डोळे जाळतो. त्यामुळे माझ्याकडे कधी कुणी सरळ बघितलं नाही. माझ्याभोवती काचेचं दुहेरी आवरण होतं. मी पेटलो की त्यातून सारखं पाणी खेळतं ठेवावं लागे. पाणी थांबलं तर मी माझ्याच उष्णतेने तडकणार, हे मला घडवणाऱ्यांनी माझ्या पुठ्ठ्याच्या खोक्यावरच छापलं होतं.

ते खोकं डॉ. दीक्षा तायडे यांनी बडनेऱ्याहून अकोल्यापर्यंत रेल्वेत मांडीवर धरून आणलं. त्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत आणि अमरावतीला आईजवळ राहत. पहाटे उठून बडनेऱ्याला गाडी धरायची, संध्याकाळी परत. जूनपासून एप्रिलपर्यंत तास, प्रात्यक्षिकं, परीक्षा, पेपर तपासणं, मध्येच निवडणुकीची ड्यूटी. कॉलेज ओस पडलं की उरायचा तो मे. दीक्षा मॅडमचं सगळं संशोधन मे महिन्यात झालं. मी पेटलो तोही बहुतेक मे महिन्यातच.

त्यांनी एक रेणू बनवला होता. दोन पात्यांचा पंखा समजा, पण इतका लहान की पाण्याच्या थेंबात अब्जावधी मावतील. माझा उजेड पडला की त्याचं एक पातं अर्धा वळसा घेई. मग उष्णता त्याला एक हिसका देई आणि पातं असं बसे की मागे येता येऊ नये. पुन्हा उजेड, पुन्हा उष्णता, की वळसा पूर्ण. उजेडावर चालणारं यंत्र, एका रेणूचं. जगात थोड्या ठिकाणी हे काम चालतं. त्यातलं एक ठिकाण आमची खोली होती, हे आमच्या कॉलेजातही फारसं कुणाला माहीत नव्हतं.

*विझलेला*

"मॅडम, कूलरचा पंप कायले काढून राह्यल्या? उकडून मरू ना आपण!" हा देवमनभाऊंचा आवाज. ते विभागातले शिपाई.

"आपण नाही मरत, देवमनभाऊ. पाणी नाही भेटलं तर हा दिवा मरते."

"मंग त्याले कूलर लावा अन् आमाले फाशी द्या."

"तुमाले माठातली लस्सी पाजते. नळी धरा आधी."

अशा रीतीने खोलीतल्या कूलरचा पंप माझा झाला. नळाला पाणी रोज येत नसे, म्हणून बादलीत बोअरचं खारं पाणी भरत. पंप ते माझ्याभोवती फिरवी. मी गार राहिलो. खोली भट्टी झाली.

एकदा मॅडमची आई, केशरबाई, डबा घेऊन आल्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज टेबलाभोवती फिरला.

"कुठं हाय तुह्यं यंत्र?"

"या शिशीत आहे, आई."

"हे तं पाणी हाय."

"त्या पाण्यात आहे. डोळ्याले दिसत नाही थे."

शिशी टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "मंग लोकाइले कसं दिसन, माय?"

"मी दाखवीन ना."

*पेटलेला*

माझ्या शेजारी वॉटर बाथ होता. पत्र्याची पेटी, माझ्या बाजूला उजेडासाठी काच, वर झाकण, समोर आकड्यांचं बटण. नमुन्याची शिशी त्यातल्या पाण्यात बुडवून ठेवत. बटण पंचविसावर होतं. जानेवारीत मॅडमनी थर्मामीटर घालून ते तपासलं होतं आणि ते बरोबर निघालं होतं. तेव्हापासून कुणी त्याला हात लावला नव्हता.

त्या मे महिन्यात मॅडम गॉगल लावून, ओला रुमाल मानेवर टाकून माझ्याजवळ बसत. थोड्या थोड्या वेळाने नमुना काढून शेजारच्या यंत्रात घालत, ते कागदावर रेघ काढी. प्रत्येक टप्प्याची रेघ वेगळी यायची. पहिली आली. दुसरी आली. तिसरी, चौथी. आणि मग पुन्हा पहिली, जशीच्या तशी. रेणूने पूर्ण वळसा घेतला होता. मॅडम उठल्या, व्हरांड्यात गेल्या, परत आल्या आणि पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. पुन्हा तेच.

त्यांनी लिहिलं: तापमान पंचवीस.

मित्रांनो, तो वॉटर बाथ पाणी गरम करू शके, गार करू शकत नसे. जानेवारीत तो पंचविसापर्यंत पाणी चढवायचा आणि थांबायचा. मे महिन्यात त्याला करण्यासारखं काही उरतच नसे. खोली तापली तसं आतलं पाणी तापलं आणि बटण पंचवीस दाखवत बसलं. मॅडमना ते कळायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण अकोल्याच्या मे महिन्यात खुर्ची गरम, कडी गरम, पेन गरम, नळाचं पाणी चटका देणारं. त्यात एक झाकलेलं पाणी गरम आहे, हे वेगळं कुणाला जाणवणार?

*विझलेला*

शोधनिबंध छापून आला. विभागप्रमुख गजेंद्र सरांनी पेढे वाटले. "आपल्या तायडे मॅडमनं नाव काढलं बाप्पा," असं ते येईल त्याला सांगत होते.

मग दूर देशातल्या एका प्रयोगशाळेने तोच रेणू बनवला, पंचवीस अंशांवर ठेवला, उजेड दिला. रेणू अर्ध्यावर थांबला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा थांबला. आधी शंका आली, मग जाहीर आरोप. आकडे रचलेले आहेत, असा.

व्हरांड्यातून चहाच्या कपांसोबत बोलणं ऐकू येई.

"मे महिन्यात एकटी बसून काय करत होती, कोणी पाह्यलं?"

"अन् म्हणे रेणू फिरते! इथं पंखा फिरत नाही."

मग हसू. त्यात गजेंद्र सरांचंही होतं.

*पेटलेला*

आरोपाची चौकशी करायला समिती डिसेंबरात आली. सकाळी सगळे स्वेटर घालून टेबलाभोवती उभे राहिले. मॅडमनी मला पेटवलं. शिशी वॉटर बाथमध्ये ठेवली. बटण पंचविसावरच होतं.

पेटीवरचा लाल दिवा लागला. पाणी तापवणं चालू झालं की तो लागतो. मे महिन्यात तो एकदाही लागला नव्हता. तो छोटा लाल ठिपका मी पाहिला. मॅडम शिशीकडे बघत होत्या.

पहिली रेघ आली. दुसरी आली. तिसरी येईना.

"थोडं थांबू," मॅडम म्हणाल्या.

थांबले. एकाने घड्याळ पाहिलं. दुसऱ्याने मफलर सारखा केला. पंचविसावर त्या रेणूला हिसका बसायला फार वेळ लागतो, तास न् तास. इतका वेळ कोण उभं राहणार? मॅडमनी नमुना पुन्हा काढला, पुन्हा तपासला.

"राहू द्या, मॅडम," गजेंद्र सर म्हणाले आणि त्यांनीच माझं बटण बंद केलं.

*विझलेला*

"सही इथं करा. निष्कर्ष मागे घेत आहे, एवढंच लिहिलं आहे. नोकरीले धक्का नाही लागणार."

"सर, मी खोटं नाही लिहिलं."

"मी कुठं म्हणतो? पण फिरला का तो? आमच्या डोळ्यादेखत फिरला का?"

पेन कागदावर चालल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली.

*पेटलेला*

पुढच्या मे महिन्यात त्या परत आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. शेवटचा थोडा रेणू उरला होता. पंप जोडला, मला पेटवलं, झाकण उघडलं. शिशी हातातून निसटून वॉटर बाथच्या तळाशी गेली. ती काढायला त्यांनी पाण्यात हात घातला.

हात झटकन बाहेर आला. त्या बटणाकडे बघत राहिल्या. मग थर्मामीटर शोधून पाण्यात धरला. चव्वेचाळीस.

"देवमनभाऊ!" त्या ओरडल्या. "ओ देवमनभाऊ, पाणी गरम होतं! उष्णतेचाच खेळ होता हो हा, अन् मी उष्णताच चुकीची लिहिली!"

देवमनभाऊ दारात आले. "मॅडम, मे महिन्यात गरमच राहीन ना पाणी."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना पाहिलं ते शेवटचं. आता सगळे टप्पे पुन्हा मोजायचे, खरं तापमान लिहायचं, जगाला कळवायचं. नाव परत मिळवायला एवढं पुरलं असतं. पहिली रेघ आली. दुसरी आली. त्या तिसऱ्या नमुन्यासाठी वळल्या.

पंप थांबला. खाऱ्या पाण्याचा पांढरा थर इतकी वर्षं त्याच्या पात्यावर चढत होता. त्या दिवशी पातं जाम झालं. मॅडमची पाठ माझ्याकडे होती. माझ्याभोवतीचं पाणी उकळलं, काच टरकन तडकली आणि मी विझलो.

*विझलेला*

यापुढे मला काही दिसलं नाही.

"सर, वॉटर बाथचं पाणी चव्वेचाळीसवर होतं. मी पंचवीस लिहिलं. चूक माझी आहे, पण रेणू खरा आहे. मले फक्त एक नवा दिवा पाहिजे."

"मॅडम, तुमी सही करून देली आहे. आता नव्यानं कायले उकरता? कोणी ऐकणार नाही, अन् विभागाचं नाव पुन्हा पेपरात येईल."

त्यानंतर मॅडमनी पहिल्या वर्षाला शिकवलं. मे महिन्यात खोलीला कुलूप असे आणि पंप बदलून कूलर पुन्हा वापरात आला. पुढे कुठल्याशा प्रयोगशाळेने असाच रेणू गरम पाण्यात फिरवून दाखवला. त्यांच्या निबंधात तायडे हे नाव एकदा येतं, पुढे लिहिलं आहे: मागे घेतलेला. हे मॅडमनीच देवमनभाऊंना वाचून दाखवलं, माझ्या कपाटापाशी उभं राहून.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी सांगणार नाही. माझं व्हायचं ते झालं. फक्त मला कचऱ्यात टाकू नका, पोटात पारा आहे. आणि कधी प्रयोग कराल तेव्हा बटणावरचा आकडा लिहिण्याआधी पाणी मोजा. ज्या गोष्टीची तुम्हाला सवय झाली आहे, ती आधी मोजा. आणि कुणाचा प्रयोग तुमच्यासमोर फसला, तर त्याच्या हातात पेन देण्याआधी त्याला विचारा, की हा आधी जमला तेव्हा इथं काय वेगळं होतं? आमच्या खोलीत हे कुणी विचारलं नाही.

ज्या दुपारी तो रेणू पहिल्यांदा पूर्ण फिरला, त्या दुपारी अकोल्याचं तापमान शेहेचाळीस होतं.