बिभीषण सरांची गोधडी

बिभीषण सरांना कळसूबाईच्या माथ्यावर, चार माणसांत गाठायचं, हे बनुबाईंनी नगरच्या दवाखान्यात मुबारकबीच्या खाटेशी बसून ठरवलं. मुबारकबीचा उजवा हात कोपरापर्यंत प्लॅस्टरमध्ये होता. डॉक्टर नुकतेच सांगून गेले होते की हाड जुळेल, पण बोटांची पकड पहिल्यासारखी येईल याची खात्री नाही.

"सुई धरता येईल ना?" मुबारकबीनं विचारलं होतं. डॉक्टरांनी कागद चाळले होते.

बनुबाईंचं वय चौसष्ट. मूळच्या नेवाशाकडच्या, अंगणवाडीत तीस वर्षं काढून रिटायर झालेल्या. मुबारकबी त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. तिच्या नवऱ्याचं गादीघर होतं, त्यामुळे कापड आणि दोरा यांच्यातच तिचा जन्म गेलेला. नवरा गेल्यावर ती घरात गोधड्या शिवायला लागली आणि गल्लीतल्या बायका तिच्याकडे शिकायला येऊन बसू लागल्या. बनुबाई त्यातल्याच एक. तिसरी पंकजाताई, रिटायर नर्स, बोलायला फटकळ. बुधवारी दुपारी तिघी मुबारकबीच्या ओट्यावर गोधडी पसरायच्या, चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवायच्या आणि कडेकडेनं टाके घालत मध्याकडे सरकायच्या. मुबारकबीचा टाका तांदळाच्या दाण्याएवढा, एकसारखा. बनुबाईंचा टाका वाकडा पडला की ती न बोलता उसवून टाकायची.

डोंगराचं वेड पंकजाताईंनी लावलं. शहरात ज्येष्ठांचं एक पदभ्रमण मंडळ होतं. बिभीषण सर त्याचे प्रमुख. ते शाळेत पीटी शिकवायचे; सत्तरीतही ताठ, गळ्यात शिट्टी. मंडळाबरोबर तिघी चांदबीबीच्या महालावर गेल्या, डोंगरगणला गेल्या, मांजरसुंब्याच्या गडावर गेल्या. वर पोचल्यावर वाऱ्यात बसून भाकरी-ठेचा खायचा, खाली दिसणारी शेतं बघायची आणि मुबारकबीनं म्हणायचं, "बघा, अल्लानं किती ठिगळं जोडलीत." बनुबाईंना आयुष्यात एवढं मोकळं कधी वाटलं नव्हतं.

मग गेल्या ऑक्टोबरात मंडळ कळसूबाईला गेलं. दोन बस, ऐंशी माणसं.

मुबारकबीचे गुडघे शिड्यांवर दुखायला लागले. शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहिरीजवळ सपाटी आहे, तिथं सरांनी तिला बसवलं. "तुमच्यामुळे सगळ्यांचा वेळ जातोय. इथेच थांबा, येताना घेतो." बनुबाई पुढच्या तुकडीत होत्या. त्यांना वर सांगण्यात आलं की मुबारकबी मागच्या लोकांबरोबर येतेय. माथ्यावर पोचल्यावर ढग उतरले, पाऊस सुरू झाला. सरांनी शिट्टी मारली, सगळ्यांना घाईघाईनं दुसऱ्या बाजूच्या पायवाटेनं खाली आणलं. बसजवळ बनुबाईंनी विचारलं तर म्हणाले, "त्या दुसऱ्या बसमध्ये आहेत, बसा."

संगमनेरला चहाला बस थांबल्या तेव्हा कळलं की मुबारकबी कुठल्याच बसमध्ये नाही.

"बस माघारी फिरवा," बनुबाई म्हणाल्या.

"एका बाईसाठी ऐंशी लोकांना परत नेऊ?" सर म्हणाले. "गावातले लोक आणतील खाली. नेहमीचं आहे त्यांना."

बनुबाई आणि पंकजाताई तिथंच उतरल्या, जीप करून पायथ्याच्या बारी गावात परत गेल्या. मुबारकबी सापडली ती एका घराच्या पडवीत, घोंगडीत गुंडाळलेली. तीन तास वाट बघून ती एकटीच उतरायला लागली होती आणि ओल्या कातळावर घसरली होती. त्या घरच्या सखुबाईंनी तिचं ओरडणं ऐकून माणसं गोळा केली आणि तिला झोळीत घालून खाली आणलं होतं.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा संदेश आला. एका महिला सदस्यानं शिस्त मोडून, न सांगता जागा सोडली. होणाऱ्या दुखापतीस मंडळ जबाबदार नाही. सदर सदस्यास कमी करण्यात आलं आहे. खाली अंगठेच अंगठे.

पंकजाताईंनी तो संदेश दवाखान्यात वाचून दाखवला. मुबारकबी भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जाऊ दे. अल्ला बघून घेईल त्याला."

"तो बघंल तवा बघंल," बनुबाई म्हणाल्या. "मी म्होरल्या वर्षाच्या आत बघते."

बनुबाई स्वतः ग्रुपमधून बाहेर पडल्या, पण पंकजाताईंना त्यांनी तो सोडू दिला नाही. "तू आत ऱ्हा. त्यानं काय बी टाकलं की अंगठा दे. कुटं जातोय, कवा जातोय, सगळं मला कळलं पायजे."

प्लॅस्टर निघालं. मुबारकबीची दोन बोटं वळेनात. पहिल्या बुधवारी तिनं सुई चिमटीत धरली, ती निसटून गोधडीवर पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. मग तिनं ती सुई उचलून डबीत ठेवली, झाकण लावलं आणि चहा टाकायला आत गेली. बनुबाई बाहेर बसून तिच्या परत येण्याची वाट बघत होत्या. चहाला फार वेळ लागला.

जानेवारीत मिरजगावहून मच्छिंद्र नावाचे एक गृहस्थ ओट्यावर आले. साठ-पासष्टीचे शेतकरी, डोक्याला मफलर. मुबारकबीचं त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं.

"मला बी टाकलं हुतं," ते म्हणाले. "तीन वर्सं झाली. हरिश्चंद्रगडावर. शुगर उतरली, चालवंना. सर म्हनले, बसा, आलोच. शेवटाला मेंढरामागच्या मानसानं गूळ खायला घातला म्हनून वाचलो. गावात सांगायची लाज वाटली. लोक म्हनले असते, म्हाताऱ्याला कशाला हवं हे."

बनुबाई त्यांच्या मफलरकडे बघत होत्या. "ह्योच मफलर हुता का त्या दिवशी?"

"व्हय. का वो?"

"मला ह्याचा तुकडा द्या."

बनुबाईंना त्याच क्षणी सगळं दिसलं. सरांनी डोंगरावर टाकलेलं एकेक माणूस शोधायचं. त्या दिवशी अंगावर असलेल्या कपड्याचा तुकडा मागायचा. तुकड्यावर नाव, डोंगर आणि तारीख दोऱ्यानं लिहायची. अशी एक गोधडी करायची आणि ती सरांच्या समोर धरायची.

पाच महिने बनुबाई एकाकडून दुसऱ्याचा पत्ता घेत माणसं शोधत हिंडल्या. एसटीनं जायच्या, दार वाजवायच्या. श्रीगोंद्याच्या एका बाईंनी फाटलेली ओढणी दिली. राहुरीच्या एका जोडप्यानं एकाच टॉवेलचे दोन तुकडे दिले. एका घरी माणूस आता राहिला नव्हता, सुनेनं त्याचा सदरा बाहेर आणला आणि म्हणाली, "बाबा तेव्हापासून डोंगराचं नावच काढत नव्हते." काहींनी दार लावून घेतलं. बनुबाई परत यायच्या आणि मुबारकबीला प्रत्येकाची हकिकत सांगायच्या. सांगताना त्यांचा आवाज चढायचा. आपल्याला यात आनंद होतोय हे त्यांना कळत होतं, आणि त्याची त्यांना मुळीच लाज वाटत नव्हती.

सात तुकडे जमले. आठवा मुबारकबीचा: प्लॅस्टर घालताना दवाखान्यात कापलेली पोलक्याची हिरवी बाही. ती तिनं स्वतःच पुढे केली. शिवता येत नव्हतं, पण डाव्या हातानं तिनं तुकडे मांडले, कुठला रंग कुठं बसेल ते ठरवलं. बनुबाई आणि पंकजाताई शिवायच्या आणि ती टाके तपासायची.

"हे उसव," ती म्हणायची.

"अगं, दिसतंय की नीट."

"त्याला वाचता आलं पाहिजे. उसव."

दर रविवारी तिघी डोंगर चढत होत्या. आधी चांदबीबीचा महाल, मग गोरक्षनाथ गड, मग एकाच दिवशी चढून उतरून पुन्हा चढणं. मुबारकबी डाव्या हातानं कठडे धरायला शिकली. कधी हसून हसून त्यांचा दम जायचा. एकदा पंकजाताई सरांची शिट्टी मारायची नक्कल करताना काटेरी झुडपात जाऊन बसल्या, तेव्हा मुबारकबी डोळे पुसत म्हणाली, "बनु, तुझ्या रागापायी माझे गुडघे सुधारले बघ."

सप्टेंबरात ग्रुपवर निरोप आला: बिभीषण सरांची पन्नासावी कळसूबाई. ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी, माथ्यावरच सत्कार. स्थानिक चॅनेलचा कॅमेरा येणार. पंकजाताईंनी अंगठा दिला.

आदल्या दिवशी तिघी बारीला सखुबाईंकडे मुक्कामाला गेल्या. मच्छिंद्रही आले. पहाटे निघाले. सखुबाई मुबारकबीच्या मागे होत्या, शिडीच्या प्रत्येक पायरीवर म्हणायच्या, "मी हाय, तू चढ." विहिरीजवळच्या सपाटीवर मुबारकबी थांबली. गेल्या वर्षी ज्या दगडावर बसली होती त्याच्याकडे तिनं एकदा बघितलं आणि पुढे निघाली.

माथ्यावर ऊन होतं, सोनकीची पिवळी फुलं सगळीकडे. देवीचं दर्शन घेऊन त्यांनी वाटेला लागूनच्या कठड्यावर गोधडी पसरली. शिडी चढून येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर पहिली तीच यावी, अशी.

नऊच्या सुमाराला शिट्टी ऐकू आली. सर वर आले, मागे तीस-चाळीस माणसं, शाल-नारळाचं ताट आणि कॅमेरावाला. गोधडी पाहून सर हसले. "अरे वा, स्वागताची तयारी!" मग ते जवळ आले, वाचलं, आणि हसू जागच्या जागी विरलं.

मागचे लोकही वाचू लागले. एकेक नाव, डोंगर, तारीख. सगळ्यांच्या वर मुबारकबीनं मांडलेली एकच ओळ: 'यांना सरांनी मागे सोडलं.'

"हे काय आहे, सर?" मंडळातल्या एका बाईंनी विचारलं.

"काढून टाकलेल्या लोकांचा मत्सर आहे हा," सर म्हणाले. "ह्या बाईंनी शिस्त मोडली होती. त्यांना विचारा."

"ह्या बाईंचं नाव काय?" बनुबाईंनी विचारलं.

सर गळ्यातली शिट्टी चाचपू लागले.

"चार वर्सं तुमच्यासंगं चालली. हात मोडला तिचा. नाव सांगा."

"शेख… शेखबाई."

मुबारकबी पुढे आली. "मुबारकबी चांदभाई पिंजारी. लिहिलंय तिथं. वाचा, सर." तिची दोन ताठ बोटं तिनं हिरव्या बाहीवर ठेवली.

कॅमेरावाला जवळ सरकला. सरांनी हात पुढे करून गोधडी ओढली. बनुबाईंनी दुसरी बाजू धरली. मच्छिंद्रनी तिसरी. एवढ्यात गर्दीतून कल्याणराव पुढे आले. ते मंडळाचे खजिनदार, सरांचे जुने सोबती. त्यांनी सरांचा हात गोधडीवरून सोडवला.

"रतनगडावर माझ्या बायकोला थांबवलं होतंत," ते हळू आवाजात म्हणाले. "ती घरी येऊन महिनाभर अंथरुणात होती. तुम्ही म्हणालात तिचीच चूक, आणि मीही तिला तेच म्हणत राहिलो." त्यांनी डोक्यावरची मंडळाची टोपी काढून बनुबाईंच्या हातात दिली. "तिचा त्या दिवसाचा कपडा नाही माझ्याकडे. ही लावा."

शाल ताटातच राहिली. नारळ कुणीतरी देवीपुढे फोडला. सर एकटेच शिडी उतरायला लागले, आणि कुणीही त्यांच्या मागे गेलं नाही. बनुबाई कठड्याशी उभ्या राहून ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिल्या. मग खाली बसून त्यांनी पोटभर भाकरी खाल्ली.

नोव्हेंबरात सर बनुबाईंच्या घरी आले. खुर्चीच्या कडेवर बसले. चॅनेलवरचं ते सगळ्यांनी बघितलं होतं. निम्मं मंडळ सोडून गेलं होतं. नातीला तिच्या मैत्रिणीनं शाळेत त्याबद्दल विचारलं होतं.

"माझ्याकडून चुका झाल्या असतील," ते म्हणाले. "ती गोधडी बंद करून ठेवा. मी विनंती करतो."

"आदी ग्रुपवर लिवा," बनुबाई म्हणाल्या.

त्यांनी तिथंच बसून लिहिलं. बनुबाईंनी वाचलं आणि फोन परत दिला. "'गैरसमज' न्हाई. 'मी खोटं बोललो' लिवा. आन् तिचं नाव पुरं लिवा." तिसऱ्या खेपेला संदेश गेला.

"आता ठेवाल ना बंद करून?"

"असं मी कवा म्हनले?"

सर उठले. चपला घालून गेले.

मुबारकबीला हे बुधवारी ओट्यावर कळलं. "माफी मागितली त्यानं," ती म्हणाली. "मी तर तेवढ्यावर सोडलं असतं."

"तुझा हात हाय, तू सोड," बनुबाई म्हणाल्या. "मला न्हाई सोडायचं."

मुबारकबीनं कल्याणरावांची टोपी उसवायला घेतली.

आता रविवारी बाराजणं चालायला जातात. मच्छिंद्र मिरजगावहून पहिल्या एसटीनं येतात, कल्याणराव बायकोला घेऊन येतात, आणि कधी श्रीगोंद्याच्या त्या बाई. वर पोचल्यावर गोधडी अंथरून सगळे तिच्यावरच जेवायला बसतात. बस स्टँडला जायला सरळ रस्ता आहे, पण बनुबाई सगळ्यांना सरांच्या गल्लीतून नेतात. गोधडी घडी न घालता खांद्यावर टाकलेली असते, नावं बाहेरच्या बाजूला.

"बनु, हा रस्ता लांब पडतो गं," मुबारकबी दर वेळी म्हणते.

"पडू दे," बनुबाई म्हणतात, आणि सरांच्या खिडकीखाली आल्या की चाल जरा हळू करतात.