चौथा पाव

तिसरा गोळा कापून झाला आणि सुनेच्या हाताखालचं पीठ संपलं. तिने सुरी बाजूला ठेवली, परातीच्या कडा बोटांनी खरवडल्या. नखाएवढं पीठ निघालं. ओट्यावर गोळे तीनच होते, आणि घरात माणसं चार.

पीठ नेहमीच्याच डब्याने मोजलेलं होतं. पाणीही तेवढंच. गोळे दर शनिवारी होतात तेवढ्याच आकाराचे, एकही तसूभर मोठा नाही. तिने ते हातात घेऊन एकेक तोलून पाहिले आणि जागच्या जागी ठेवले.

खिडकीशी स्टुलावर बसलेल्या सासूने सफरचंदं सोलता सोलता मान वर केली. दोन महिन्यांपूर्वी तिचं उजवं मनगट मोडलं होतं. हाड जुळलं, पण कणीक कापण्याइतका जोर त्या हातात परत आला नाही, म्हणून शनिवारचे पाव सुनेकडे आले होते. सोलणं मात्र तिने डाव्या हाताने चालू ठेवलं होतं. तेवढं तरी माझ्याकडे राहू दे म्हणाली.

या घरात काही वाया जात नसे. सफरचंदाचा गर माणसांच्या पोटात जाई आणि साली बरणीत. बरणीत पाणी, मूठभर साखर, वर फडकं. चार दिवसांनी ते पाणी फसफसू लागलं की गाळून बाटल्यांत भरायचं, माणशी एक बाटली. बरणीच्या तळाशी जो पिवळसर साका उरतो, त्यानेच पावाचं पीठ फुगवायचं. सासू कोंड्याचा मांडा करून खाणारी बाई. विकतचं यीस्ट तिने आयुष्यात घरात आणलं नव्हतं, आणि पावही मोजून माणशी एकच. एक जास्त नाही, एक कमी नाही.

गंमत अशी की ती मोजत नसे. "गोळे मोजत कापायचं नाही," असं तिने सुनेलाही पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "हात थांबेल तिथे काप." आणि हात बरोबर थांबत असे. लग्न होऊन गेलेली नणंद एकदा न कळवता दारात उभी राहिली, तर त्या दिवशी टोपलीत एक पाव आधीच जास्त होता. आईच्या सुरीला पाहुणे आधी कळतात, असं सगळे हसून म्हणायचे.

मग तीन वर्षांपूर्वीचा तो शनिवार आला. तेव्हा घरात पाच जण होते आणि पाव चार झाले. सासरे म्हणाले, "माझा उंदराने पळवला वाटतं." सासूने स्वतःचा पाव त्यांच्या ताटलीत ठेवला. गुरुवारी सकाळी ते बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि पुन्हा सरळ झाले नाहीत. त्यानंतर सुरीवरून कुणी हसलं नाही. त्या चार पावांबद्दलही कधी कुणी बोललं नाही. सून त्या वेळी टोपलीजवळच उभी होती. तिने मोजले होते.

"परत मळते," सून म्हणाली. "जरा लहान लहान केले की चार होतील."

"कापलेलं परत मळायचं नाही. पाव दगड होतो."

सासू नेहमीच्याच आवाजात बोलली. पण तिच्या हातातलं साल तुटलं होतं. एरवी तिचं साल शेवटपर्यंत अखंड निघे.

सुनेने तिन्ही गोळे ओव्हनमध्ये सरकवले आणि ती बाहेरच्या खोलीत आली. नवरा कामाचे कपडे घालून चहा पीत होता. तो उंच इमारती बाहेरून रंगवायचा. परांचीवर चढायचं आणि दिवसभर तिथेच.

"या आठवड्यात बाहेरगावचं काम निघालंय का कुठे?" तिने विचारलं.

"छे. इथलेच वरचे सहा मजले राहिलेत."

ती मुलीकडे वळली. नऊ वर्षांची ठकी खुर्चीवर पाय घेऊन वहीला कव्हर घालत होती.

"ठके, शाळेची सहल कधी आहे गं?"

"ती झाली ना मागच्या महिन्यात. मला बसमध्ये उलटी झालेली. तूच फ्रॉक धुतलास, विसरलीस?"

"विसरले," सून म्हणाली.

तिने ठकीच्या कपाळाला हात लावून पाहिला. थंड होतं. ठकीने तो झटकला, कारण कव्हर वाकडं बसत होतं. सून उगाच टेबल पुसत राहिली. नवरा, मुलगी आणि ती स्वतः, असे तीन जण तिने मनात एका बाजूला उभे केले. मग चौथं माणूस उरतंच. असा विचार आपण करतोय हे तिला कळत होतं, आणि तरी ती तो करत होती.

ती स्वयंपाकघरात परतली. पाव फुगू लागले होते, खोलीभर आंबूस गोड वास भरला होता.

"आई, ताई कितीदा बोलावतात तुम्हाला," तिने नळ सोडता सोडता म्हटलं. "मनगट नीट होईपर्यंत जरा जाऊन या की. तेवढाच बदल."

ताकाला जाऊन भांडं लपवणं तिला कधीच जमलं नव्हतं. सासूने तिच्याकडे पाहिलं, मग ओव्हनच्या काचेकडे.

"किती दिवस?"

"आठवडाभर. पुढच्या शनिवारी मी स्वतः येते आणायला."

"मग आजच जाते. तो कामाला निघालाय, वाटेत बसमध्ये बसवून देईल."

सून पिशवी काढायला आत गेली. पलंगाखालून पिशवी ओढली तर ती जड लागली. आत साड्या घडी घालून ठेवलेल्या होत्या, वर चष्म्याचं घर, औषधं. बंद नाडीने बांधले होते आणि गाठ पक्की होती. सुनेने ती तशीच उचलून बाहेर आणली. सासूने बरणीतला थोडा साका एका बाटलीत भरून घेतला, लेकीला द्यायला म्हणून, आणि निघाली. दाराशी तिने ठकीचं डोकं हुंगलं.

"आजी, तुझा पाव?"

"तिकडे मिळेल."

रविवारी जेवताना टेबलावर तीन पाव होते आणि तीन माणसं. आकडा जुळला होता. सुनेला दोन दिवसांत पहिल्यांदाच भूक लागली. तिने आपला पाव शेवटच्या कणापर्यंत खाल्ला, आणि खाऊन झाल्यावर तिला स्वतःची शरम वाटली.

सोमवारी दुपारी नणंदेचा फोन आला. ती मजेत होती.

"वहिनी, आईने साका आणला ना, त्याचे आज पाव केले मी. शाळेत असताना करायचे, त्यानंतर आजच. आई समोर बसून सांगत होती, असं मळ, तसं मळ."

"झाले चांगले?"

"झाले, पण चारच झाले बघ. आम्ही चौघं आणि आई, म्हणजे पाच व्हायला हवे ना? मी म्हटलं, आई, तुझा कुठाय गं? तर हसली. म्हणे, बरोबर आहेत."

नणंद पुढेही बोलत होती. वडिलांच्या आठवड्यातले चार पाव तिला ठाऊक नव्हते. ते तिला कुणी सांगितलेच नव्हते.

सुनेचा जीव आधी भांड्यात पडला. नवरा परांचीवरून उतरून संध्याकाळी घरी येणार, ठकी दप्तर आपटत येणार. मग तो जीव कशामुळे भांड्यात पडला हे तिच्या लक्षात आलं, आणि फोन हातात धरून ती फरशीवरच बसली.

उठली ती बरणी घेऊनच. तळाशी चमचाभर साका राहिला होता. तिने तो सगळा घेतला, पीठ मळलं, झाकून ठेवलं. मंगळवारी सकाळी ते परातीच्या काठापर्यंत आलं होतं. तिने सुरीला हात लावला नाही. अख्खं पीठ एकाच मोठ्या टोपात घातलं आणि टोप ओव्हनमध्ये ठेवला. ठकी शाळेत गेल्यावर तो पाव गरम असतानाच पंच्यात गुंडाळला आणि बस धरली. सगळा रस्ता तो तिच्या मांडीवर होता. मांडी भाजत होती, पण तिने तो बाजूच्या सीटवर ठेवला नाही.

दार उघडायला वेळ लागला. आत पावलं वाजेपर्यंत ती श्वास रोखून उभी होती.

"शनिवारी येणार होतीस ना," सासू म्हणाली.

"थांबवेना."

घरात दुसरं कुणी नव्हतं. दोघी टेबलाशी बसल्या. कोपऱ्यात सासूची पिशवी होती. तिच्या बंदांना तीच गाठ होती, तीन दिवस कुणी सोडलेली नव्हती. अंगावरची साडीही शनिवारचीच.

सुनेने पंचा सोडला. सासू त्या पावाकडे बघत राहिली.

"कापला नाहीस."

"नाही."

"त्यांच्या वेळी मी माझा त्यांना दिला होता," सासू म्हणाली. "म्हटलं, कमी पडलाय तो माझाच असेल. नव्हता."

सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुम्हाला घालवलं, आई."

"घालवलंस. मी पिशवी भरली होती ती काय उगाच? तू नसतं म्हटलंस तरी निघाले असते." ती जरा थांबली. "पण तू म्हटलंस."

"हो."

रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"घरी चला," सून म्हणाली.

"तिकडे तीन आहेत. इथे चार. मी कुठे बसू?"

"इथे," सुनेने पावावर तळवा ठेवला. "हा कुणी मोजलेला नाही."

सासूने तो डाव्या हाताने जवळ ओढला, उलटा केला, बोटाच्या पेराने तळावर ठकठक केलं आणि कान लावला. मग दुखऱ्या हाताने एक बाजू धरली, दुसऱ्या हाताने मोडला. वाफ आली. आत मधोमध पीठ ओलं होतं, चकाकत होतं.

"मध्ये कच्चा राहिलाय. एवढा मोठा आतपर्यंत भाजत नाही कधी."

"असू दे," सून म्हणाली. "कडेकडेने खाऊ."