आरशात दिसणारे हात

"हात वर घ्या जरा. दिसत नाहीयेत," जेरलिन म्हणाली आणि तिने मोबाइल आणखी पुढे धरला.

एल्पिदियोने हात वर घेतले. शिवाय तिच्या चित्रणात नीट उजेड पडावा म्हणून टेबलावरचा दिवाही वळवून दिला. फिलिपिन्समधल्या इलोइलो शहराच्या या जुन्या बाजारात, दुसऱ्या मजल्यावरच्या पलंगाएवढ्या गाळ्यात तो सव्वीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्त करत होता. रागावणं त्याला आता परवडत नसे. पण गिऱ्हाईक चित्रण करू लागलं की त्याने आपल्याला आधीच चोर ठरवलंय, हे त्याला कळायचं.

समोर मोबाइलची कव्हरं विकणाऱ्या वँजीने मान लांब करून पाहिलं. "मनोंग, आज तपासणी आहे वाटतं," ती त्याला थोरल्या भावासारखी हाक मारत म्हणाली. तो हसला नाही.

जेरलिनच्या पोटाशी फडक्यात सात महिन्यांची मिकाय बांधलेली होती. खुर्ची दिली तरी ती बसली नव्हती. चाळीस किलोमीटरवरून जीपनीत, तिथल्या लांबट प्रवासी जीपगाडीत, मांडीवर घेऊन तो कॉम्प्युटर तिने आणला होता, आणि सोबत त्याचा पडदा, कॅमेरा, कानाला लावायचे हेडफोनसुद्धा. इथंच चालवून बघणार, चालतोय म्हणालात आणि घरी जाऊन बंद पडला असं नको, हे तिने आल्या आल्याच सांगून टाकलं होतं. ती घरबसल्या परदेशातल्या मुलांना इंग्रजी शिकवायची. दिराने हौसेने नवा प्रोसेसर बसवून दिला तेव्हापासून यंत्र बंद होतं. आठवड्यात दोन तास बुडाले होते. आज चारचा बुडाला तर कंपनी नाव काढून टाकणार होती. नवरा जहाजाच्या नोकरीची वाट बघत घरी बसलेला. घर चालायचं ते तिच्या तासांवर.

बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा, पडदा मात्र काळाच. एल्पिदियोने रॅम काढून परत बसवली. प्रोसेसरजवळची वायर चाचपली. बोर्डावरची चपटी बॅटरी काढली आणि थोडं थांबून परत लावली. मग प्रोसेसर उचलून त्याच्या खालच्या सोनेरी पिना भिंगातून एकेक पाहिल्या. दीर कुठला तरी मेलेला माल घेऊन आलाय आणि आता खापर आपल्यावर फुटणार, असं त्याच्या मनात येत होतं. पण पिना सरळ होत्या.

"हा तोच आहे ना, मी आणलेला?" तिने विचारलं.

"वर बघा ना, इंदाय," लेकीला म्हणावं तसं तो म्हणाला.

वर, त्याच्या पाठीमागच्या भिंतीवर, एक मोठा आरसा तिरका टांगलेला होता. टेबलापलीकडे उभ्या असलेल्या माणसाला त्यात एल्पिदियोचे हात आणि हातातली वस्तू स्वच्छ दिसायची. आरसा त्याच्या बायकोचा, नेनिताचा. तिच्या केस कापायच्या दुकानातला. बारा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाने, याने माझी चांगली रॅम काढून जुनी घातली, असा ओरडा केला होता. दोन पोलीस आले, सगळे खण जमिनीवर उपडे केले, काही सापडलं नाही. सगळा मजला बघत होता. दुसऱ्या दिवशी नेनिताने आपल्या दुकानातला आरसा उतरवून इथं आणला, स्वतः खिळे ठोकले. "तुझे हात दिसू देत लोकांना," एवढंच म्हणाली. ती जाऊन आता तीन वर्षं झाली. दर सकाळी गाळा उघडला की तो आधी आरसा पुसायचा, मग दिवा लावायचा.

"प्रोसेसर चांगला आहे," तो म्हणाला. "बोर्ड त्याला ओळखत नाहीये. त्याच्या पोटात एक यादी असते, कुणाला आत घ्यायचं त्याची. तुमचा बोर्ड जुना, त्याच्या यादीत याचं नाव नाही. जुना प्रोसेसर बसवून यादी नवी करावी लागेल, मग हा चालेल. जुना कुठंय?"

दिराने तो त्याच दिवशी विकून टाकला होता. जेरलिनचा चेहरा उतरला, आणि लगेच कडकही झाला. म्हणजे आता तुमच्याकडचा विकत घ्या म्हणणार, असं ती म्हणालीच.

एल्पिदियोने स्वतःचा कॉम्प्युटर, ज्यावर तो पावत्या करायचा आणि नेनिताचे फोटो ठेवायचा, तो बंद केला, उघडला आणि त्यातला प्रोसेसर काढला.

"हा फक्त वापरायला. काम झालं की परत काढणार."

"फुकट?"

"हो."

फुकट म्हटल्यावर तिचा संशय दुप्पट झाला. तिने आपला नवा प्रोसेसर मागून घेतला आणि मुठीत धरला.

"मुठीत नको, पिना वाकतील," तो म्हणाला. "डबीत ठेवा. डबी तुमच्याजवळच असू द्या."

तिने डबी मिकायच्या फडक्यात, बाळाच्या पाठीशी खोचली.

त्याचा प्रोसेसर तिच्या बोर्डावर बसला आणि पडदा उजळला. पेनड्राइव्हवरून यादी चढू लागली. मध्येच बंद पडलं तर, तिने विचारलं. तर बोर्ड गेला, त्याने खरं ते सांगितलं. दहा मिनिटं दोघंही त्या सरकत्या पट्टीकडे बघत राहिले. मग त्याने आपला प्रोसेसर काढला, तिने डबी दिली, आणि बटण मात्र तिनेच दाबलं. नव्या प्रोसेसरचं नाव पडद्यावर आलं. तिने ते खोक्यावरच्या नावाशी अक्षर अक्षर ताडून पाहिलं. बंद करून पुन्हा चालू करायला लावलं. पुन्हा आलं.

पावणेचार वाजले होते. घर तासाभरावर.

"इथंच घ्या तास. माझं इंटरनेट वापरा," तो म्हणाला.

तिने एकवार जिन्याकडे पाहिलं, मग पहिल्यांदाच खुर्चीत बसली. पडदा टेबलावर मधोमध, कॅमेरा तिच्याकडे. पण हेडफोन लावताच मिकायने वायर ओढली आणि रडायला लागली. बाळाचा आवाज गेलेला कंपनीला चालत नसे. वँजीने बाळाला धरलं असतं, पण तिच्यासमोर शाळा सुटलेल्या पोरांची झुंबड होती. चाराला तीन मिनिटं कमी होती.

जेरलिनने एल्पिदियोकडे पाहिलं, वर आरशाकडे पाहिलं. मग तिने पोटाशी बांधलेली गाठ सोडली.

"आरशात दिसेल असं बसा," ती म्हणाली.

तो नेहमीच्या जागी, पडद्यामागे, आरशाखाली बसला. त्याला नि नेनिताला मूल नव्हतं. कसं धरायचं ते त्याला जमेना. मग नवा बोर्ड खोक्यातून काढताना धरतो तसं, कडेकडेने, त्याने मिकायला उचलून मांडीवर घेतलं. पलीकडे जेरलिन कुण्या दूरच्या मुलीला गोड आवाजात फळांची नावं म्हणायला लावत होती आणि दर दोन फळांनंतर तिची नजर वर जात होती.

पंचवीस मिनिटांनी तास संपला. तिने हेडफोन काढले, पण ती उठली नाही. वर बघत राहिली. मिकाय झोपली होती, त्याचं एक बोट मुठीत गच्च धरून. तो हात त्याला हलवता येत नव्हता. दुसरा मात्र त्याने सगळा वेळ टेबलावर उताणा, बोटं उघडी करून ठेवला होता, जेरलिनला दिसावा म्हणून.