बाळाला उंदराचे दात

सकाळपासून अख्खी वस्ती चिंचेखाली लोटली होती. जोंधळ्याला पाणी द्यायचं सोडून तिसगावजवळची ही शहाणी माणसं काय बघत होती, तर जमिनीवरचे काळपट गोळे! लिंबाएवढे, केसाळ, आत हाडं. अंगदबाबा त्यांच्यावर मोरपिसं फिरवत होते. सुप्याच्या कुठल्याशा कंपनीत खोकी चिकटवता चिकटवता यांना सिद्धी मिळाली म्हणे.

“करणी! तान्ह्या बाळाची हाडं, वर विधवेचे करडे केस! व्हय का न्हाई?”

“व्हय!” लोक मोबाईल सरसावून ओरडले.

करड्या केसांची विधवा वस्तीत एकच, गोजरबाई. चिंचही तिच्याच दारची. दिवस मावळायच्या आत वस्ती सोड, असा हुकूम सुटला. सख्ख्या दिरानं, बन्सीनं, तिची भांडी टेम्पोत चढवलीसुद्धा. तीस वर्षांचा संसार! गोजरबाईची जीभ मात्र शाबूत होती.

“माझे केस एवढे मऊ कवा हुते, भावजी? आन् बाळ कुनाचं गेलं? मोजा की पोरं!”

मोजली. उलट एक जास्तच भरलं, ते पाहुण्यांचं.

“बाळ परगावचं असंल,” बाबा म्हणाले. लोकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात शाळेतल्या एंजेलाबाई आल्या. दहा वाजून गेले तरी वर्गात एकही पोर नव्हतं. त्यांनी गोजरबाईकडून वाटीभर कोमट पाणी मागितलं आणि गोळा उचलला.

“रक्त ओकाल!” म्हणत बाबाच सगळ्यांच्या मागं जाऊन उभे राहिले.

बाईंनी गोळा भिजवला, काडीनं उकलला. नखाएवढी कवटी निघाली. पुढं दोन लांब, पिवळे दात.

“बाबा, असल्या दातांची बाळं कुठल्या गावात जन्मतात हो?”

“आरं, उंदीर हाय ह्यो!” बन्सी ओरडला.

एका गोळ्यात चार कवट्या भरल्या.

“वर ढोलीत घुबडांची जोडी आहे,” बाई म्हणाल्या. “घुबड उंदीर अख्खा गिळतं. मांस पचतं. केस, हाडं पचत नाहीत, त्यांचा गोळा ओकून टाकतं. हे तुमच्याच जोंधळ्यातले उंदीर. ती घुबडं तुमचं पीक राखतायत.”

“उंदराच्या रूपातली बाळं…” बाबांनी सुरुवात केली, पण लोक फिदीफिदी हसायला लागले होते. मोरपिसं काखेत मारून बाबा डांबरी रस्त्याला लागले.

“चुकलं, वहिनी,” बन्सी मान खाली घालून म्हणाला.

गोजरबाईचे डोळे भरले, आणि संतापही आला. “घुबडाच्या ओकारीपायी मला घराभाईर काढीत हुता तुमी! एखादी बाई वाईट हाय म्हनलं, तर आदी इचारा, कशावरनं? खरं काय ते बघाया वाटीभर पानी लागलं. तेवढं तरी खर्चीत जा.”