काठ नसलेलं पाणी

निर्णा गावचा लिंगाप्पा तरुणपणी एक उन्हाळा रत्नागिरीकडं रस्त्याच्या कामाला गेला होता. घरची मेंढरं रोगानं गेली होती आणि मुकादम मजूर शोधत हुमनाबादेला आला होता, एवढंच निमित्त. पावसाच्या तोंडावर तो परत आला तो उन्हानं काळाठिक्कर पडून. नव्या बायकोला सांगायला त्याच्याकडं एकच गोष्ट होती, ती म्हणजे समुद्र.

"पलीकडचा काठच न्हाई बघ त्याला," तो म्हणाला.

"काठ नसंल तर पाणी ऱ्हाईल कसं?" तानुबाईनं विचारलं. तिनं पाणी पाहिलं होतं ते विहिरीतलं, ओढ्यातलं.

"ते बघायलाच पायजे. दावतो तुला एकदा."

दावतो म्हणता म्हणता लेक मनीषा झाली, शाळेत गेली, बसवकल्याणला सासरी गेली. तानुबाईनं कधी हट्ट धरला नाही. पण तुरी झोडता झोडता, नाहीतर चुलीपुढं बसल्या बसल्या ती मध्येच विचारायची, "खरंच काठ न्हाई का हो?" आणि लिंगाप्पाला दर वेळी वाटायचं, आता न्यायलाच पाहिजे.

त्याचा पुतण्या श्रीशैल पुण्याला कंपनीत लागला. दिवाळीला आला तेव्हा त्यानं विषय काढला. "काका, पुण्याला या. तिथनं गाडी करू. पैसे मी घालतो, तुमी सवडीनं द्या."

"फिरायला उसनवारी?" लिंगाप्पा म्हणाला. "दोन दिस बघायचं आन् वरीसभर फेडत बसायचं? बघितलेलं सगळं कडू व्हतंय त्यानं."

तानुबाई बायकांच्या बचत संघात होती. तिथूनही उचल मिळाली असती. पण तिला नवऱ्याचं म्हणणं पटलं होतं. "आपलं आपण जमवू," ती म्हणाली. "घाई कुणाला हाय?"

मग दोघांनी एक शेळी वेगळी काढली. तिची करडं विकून येईल ते पोस्टात टाकायचं, घरात कितीही अडलं तरी त्याला हात लावायचा नाही. तानुबाई तिला समुद्राची शेळी म्हणायची. शेजारच्या शोभाबाईला हसू यायचं. "खारट दूध देती का गं ती?"

संध्याकाळी जेवण झालं की दोघं बेत करत बसायचे. लिंगाप्पा कोळशानं फरशीवर रस्ता काढायचा. हुमनाबाद, सोलापूर, कोल्हापूर, मग घाट, मग गणपतीपुळे. गाडी करायची नाही, एसटीनंच जायचं. दिवाळीची गर्दी सरल्यावर आणि तूर काढणीला यायच्या आधी निघायचं. लॉजमध्ये उतरायचं नाही, धर्मशाळा बघायची. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घरून न्यायची. पुढं दोन वर्षं तोच रस्ता फरशीवर निघत राहिला. लिंगाप्पाला नंतर वाटायचं, आपल्या संसारातला सगळ्यात गोड काळ तोच होता.

त्याच दिवसांत तानुबाईचा खांदा दाराच्या चौकटीला लागू लागला. शेजारी ठेवलेली घागर तिच्या पायानं कलंडायची. एकदा कोंबडी पायाखाली आली. लिंगाप्पा हसायचा. "डोळं कुठं ठिवून आलीस?"

हुमनाबादेत डोळ्यांचं शिबिर लागलं तेव्हा शोभाबाईबरोबर तीही निघाली. लिंगाप्पा शेळीचं दावं बांधत होता. चेष्टेनं म्हणाला, "डोळ्याचा खर्च काढू नगंस हां आता. न्हाईतर समुद्र ऱ्हायला बघ!"

तीही हसली आणि गेली.

परत आल्यावर म्हणाली, "वय झालंय म्हनले. गाजर खायला सांगितलंय."

लिंगाप्पानं पुढच्या बाजारातून पिशवीभर गाजरं आणली. दर बाजारी आणत राहिला.

दुसऱ्या दिवाळीनंतर ते निघाले. मनीषा शेळ्यांपाशी राहायला आली होती. सोलापूरच्या स्टँडवर तानुबाईनं जी त्याच्या सदऱ्याची कड धरली ती पुळ्यापर्यंत सोडली नाही. गर्दीला बुजायली असंल, असं त्याला वाटलं. खरं सांगायचं तर त्याला ते आवडलं. इतक्या वर्षांत चारचौघांत तिनं कधी त्याला असं धरलं नव्हतं.

दुपारी देवळात खिचडीचा प्रसाद मिळाला. खाऊन ते वाळूत उतरले. तानुबाई थांबली. वारा पदर ओढत होता आणि ती समोर बघत उभी होती. कितीतरी वेळ ती हललीच नाही.

"कसं हाय?" त्यानं विचारलं.

"लई हाय," ती म्हणाली. लिंगाप्पाचं मन भरून आलं. एका पैशाचं ओझं नाही, कुणाचं मिंधं होणं नाही, आणि दिलेला शब्द पुरा झाला होता.

"ती होडी बघ, तिकडं, डाव्या अंगाला."

"व्हय, बघितली," ती म्हणाली. बघत होती ती समोरच.

ती पुढं चालू लागली. उजवीकडून घोडेवाला एका पोराला फेरी मारून आणत होता. वाळूत टापांचा आवाज येत नव्हता. तानुबाई सरळ घोड्याच्या अंगावर गेली. घोडा बिचकला, ती खाली पडली.

"अहो आजी, एवढं जनावर दिसत नाही का?" घोडेवाला ओरडला.

लिंगाप्पा त्याच्यावर धावून जाणार होता. पण तानुबाईच्या तोंडाकडं त्याचं लक्ष गेलं आणि त्याचे पाय थांबले. चोरी सापडावी तसा तिचा चेहरा झाला होता. तो तिच्या शेजारी गुडघ्यावर बसला आणि आपला पंजा तिच्या कानाजवळ धरला.

"तानू, माझा हात दिसायलाय का?"

"कंचा हात?"

त्यानं पंजा हळूहळू पुढं आणला. पार नाकासमोर आला तेव्हा ती म्हणाली, "हा, आता दिसला."

घोडेवाला गप निघून गेला. लिंगाप्पानं पंजा खाली घेतला.

"कवापासून?"

"शिबिराच्या आधीपासून. दाराच्या फटीतनं दिसावं तेवढं दिसतंय. काचबिंदू म्हनला डॉक्टर. सोलापूरला जा, रोज थेंब घाला, कदाचित आपरेशन लागंल. गेली ती नजर माघारी येत न्हाई, ऱ्हायली ती तेवढी सांभाळा म्हनला."

"आन् हे तू मला सांगितलं न्हाईस? कामून?"

"सांगितलं असतं तर तुमी शेळी इकली असती."

"इकली असती की! पोस्टातलं बी काढलं असतं!"

"म्हणूनच," ती म्हणाली. "निर्ण्यातलं सगळं माझं बघून झालंय. हे तेवढं ऱ्हायलं व्हतं."

लिंगाप्पाला दावं बांधतानाचे आपले शब्द आठवले. "मी हसत बोललो व्हतो गं तानू."

"मी बी हसतच ऐकलं व्हतं."

तो तिच्या मागं बसला. तिची हनुवटी बोटांत धरून त्यानं तिचा चेहरा डाव्या टोकाला वळवला, मग थोडाथोडा उजवीकडं फिरवत आणला. तिकडं खडक हाय, तो म्हणायचा. हितं नुसतं पाणी. हितं बी पाणी. "संपलं का?" ती विचारायची. "न्हाई. अजून हाय." सूर्य पाण्याला टेकेपर्यंत त्यानं तिला समुद्र असा तुकड्यातुकड्यानं दाखवला.

"खरंच काठ न्हाई," ती शेवटी म्हणाली.

तो रडत होता. तो तिच्या मागं होता, म्हणून तिला ते दिसलं नाही.

बेत दोन दिवसांचा होता. पण दुसऱ्या दिवशी लिंगाप्पानं पहिलीच गाडी धरली. "सकाळचा एकदा बघू की," ती म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. तिला घेऊन तो थेट सोलापूरला डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं.

"शिबिर झालं तवाच आणलं असतं तर?" लिंगाप्पानं विचारलं.

बाईंनी थेंबांची बाटली त्याच्या हातात ठेवली. मग म्हणाल्या, "आता हे थेंब चुकवू नका, बाबा."

दवाखान्याबाहेरच्या टेलिफोनवरून लिंगाप्पानं श्रीशैलला फोन लावला आणि उसने पैसे मागितले. जन्मात पहिल्यांदा. घरी पोचल्यावर शेळी विकली. तानुबाई दोन दिवस जेवली नाही.

मग तो शोभाबाईच्या दारात जाऊन उभा राहिला. "तुला ठावं व्हतं."

"तिनं मनीषाची आण घातली व्हती, अण्णा," शोभाबाई म्हणाली आणि पदरात तोंड लपवून रडू लागली. तिला बोलायला तो गेला होता, तसाच माघारी आला.

आपरेशन झालं. थेंब एकदाही चुकले नाहीत. तरीपण फट बारीक होत गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात तीही मिटली. तानुबाईनं त्यावरून त्याला कधी एक शब्द लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटायचं.

आता तो शेताला निघाला की ती काठी घेऊन बरोबर येते. बांधावर बसते आणि म्हणते, "सांगा की, काय काय दिसायलंय?"

लिंगाप्पा मुळात कमी बोलणारा माणूस. पण सांगतो. तूर फुलाला आलीय, पिवळीधमक झालीय सगळी. शोभाबाईची म्हस पाण्यावर चाललीय. वरती ढग न्हाई. कधी कधी सांगता सांगता तो मध्येच थांबतो आणि सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत बसतो. तानुबाई तोंड त्याच्याकडं करून वाट बघते.

"ऱ्हाऊ द्या," मग ती म्हणते. "उद्या सांगा."