नाइट शिफ्टला बंद ठेवलेली पट्टी

मी गोळ्यांची पट्टी बोलतेय. मूल न होण्याच्या गोळ्यांची. लाज वाटत असेल तर पुढं वाचू नका.

मशिनीनं माझी एकेक गोळी चंदेरी कागदाखाली कोंडली. तिथून मी कासारवाडीच्या दवाखान्यात आले. नर्स अंबूबाईंनी मला कस्तुराच्या हातात दिलं. "रोज जेवण झालं की एक. चुकवायची नाही. परत दिवस गेले तर तू वाचायची नाहीस." चौथ्या बाळंतपणात कस्तुराचं एवढं रक्त गेलं होतं, की चाळीतल्या बायांनी आशा सोडली होती.

घरात चारी पोरी, आणि सासू गिरजाबाईला नातू हवा. नवरा ज्योतीराम पिंपरीच्या कंपनीत. ऑपरेशनचं नाव काढलं की शिव्या घालायचा. म्हणून कस्तुरानं मला गोधडीच्या चिंध्यांच्या बोचक्यात दडवलं. अंधार, कुबट वास. चोरी न करता चोरासारखी राहिले.

माझं काम सांगते. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी असते. अंगातला रस, डॉक्टर ज्याला हार्मोन म्हणतात तो, कमी वाटला की ती खाली अंडाशयाला हुकूम सोडते, बीज पिकव म्हणून. मी रोज जाऊन तिला सांगते, रस भरपूर आहे, गप बस. ती ऐकते. खोटंच बोलते मी, पण त्या खोट्यावर कस्तुराचा जीव होता. आणि हे खोटं रोज बोलावं लागतं.

शेजारच्या रंभानं अक्कल शिकवली. "मालक नाइटला गेल्यावर गोळी कुणासाठी गं खातीस? उशीसाठी?" दोघी हसल्या. गोळीनं कस्तुराला मळमळायचं, तेवढीच सुटका. नाइटचा आठवडा आला की मी बोचक्यात बंद.

मी आत तडफडत होते. अगं बाई, मी नवऱ्याची वाट नाही अडवत, तुझ्या ग्रंथीला गप्प करते. तिला कंपनीची शिफ्ट काय कळणार? माझा निरोप थांबला तशी ती जागी झाली, हुकूम सुटला. ज्योतीराम फर्स्ट शिफ्टला आला तेव्हा मला परत काढलं. उशीर झाला होता.

मळमळ थांबेना. कस्तुरा गोळीला बोल लावायची. गिरजाबाई मात्र खुशीत चाळभर सांगत सुटली, औंदा नातूच हाय.

अंबूबाईंनी तपासलं, मधेच सोडलेल्या गोळ्या पाहिल्या आणि कपाळाला हात लावला. दिवस गेले होते. कायद्यानं पिशवी मोकळी करता येते, सही तुझीच पुरते, पण उशीर करू नकोस, म्हणाल्या.

संध्याकाळी कस्तुरानं मला सगळ्यांसमोर जमिनीवर ठेवलं. घरात पहिल्यांदाच उघड्यावर आले. "ह्या गोळ्या मी घेत हुते. चुकल्या. उद्या दवाखान्यात जाऊन मोकळी व्हनार."

गिरजाबाईनं बोटं मोडली. "माझा नातू मारतीस व्हय गं?"

"आत्याबाई, मी मेले तर ह्या चार पोरींस्नी आई कुठनं आनाल?"

ज्योतीरामनं मला उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि परत जमिनीवर ठेवलं.

सकाळी सासूनं मला केरात लोटलं. बायांनो, मला घ्यायचं तर रोज घ्या. नवऱ्याची शिफ्ट बघून घेऊ नका. कस्तुरा निघाली तेव्हा ज्योतीरामही चपला घालत होता. दवाखान्याकडं वळला की कंपनीकडं, ते मला केरातून दिसलं नाही.