तिसरा पदर

सुई पुन्हा हलली. नाण्याएवढ्या होकायंत्रातली, निळ्या टोकाची – आधी थरथरली, मग केसभर डावीकडे सरकून तिथेच थबकली. आणि भिंतीपलीकडे लिफ्टचं दार उघडल्याचा आवाज आला. बघा म्हणावं! पण बघायला होतं कोण? रुग्णालयाच्या त्या खोलीत तंत्रज्ञ म्हणून ती एकटी, आणि बाहेरचं चुंबकत्व अडवणाऱ्या कवचाच्या आत ते यंत्र – हृदयाचं चुंबकत्व टिपणारं, इतकं हळवं की खिशातल्या किल्लीनंही बिथरावं. म्हणून तर कवचाला खास पत्र्याचे तीन पदर हवेत असं तिनं लिहून दिलं होतं, एकदा नाही, चारदा… आले दोनच. "दोनात भागतं हो," विभागप्रमुख म्हणाले होते, "तुम्ही उगाच राईचा पर्वत करता." आणि मग त्याच भिंतीला खेटून लिफ्ट बसवली. टनभर लोखंड, दिवसभर वरखाली!

सकाळपासून बाहेर बाकावर तो बसचालक बसला होता. महिन्यापूर्वी याच यंत्रावर त्याची तपासणी झाली, आलेखात दोष निघाला, हातातलं स्टिअरिंग गेलं.

"ताई, मला कधी साधी धापसुद्धा लागली नाही हो. पुन्हा एकदा बघता का?"

तिनं प्रमुखांना विचारलं. त्यांनी मानही वर केली नाही. "आपल्याच यंत्रावर आपण शंका घ्यायची? उद्या रांग लागेल."

यंत्रावर नाही, तुमच्यावर घेतेय – हे म्हणायला हवं होतं. पण ती यंत्राच्या खोलीत परत आली. आणि आता संतापानं कानशिलं तापलेली, हात मात्र स्थिर… तिनं चालकाचा मूळ आलेख काढला. ठोक्यांची रेघ नीट चाललेली, आणि मधेच ती हळूहळू चढते, तशीच वर थबकते – या सुईसारखी. चार ठिकाणी. हृदय असं वागत नाही. लिफ्ट वागते. सापडलात! हा कागद आता त्यांच्या टेबलावर आपटायचा, सगळ्यांदेखत, आणि विचारायचं, कुणाच्या सहीनं –

खाली छापलेलं होतं : 'तपासणीवेळी यंत्र सुस्थितीत होतं.' त्याखाली सही. गोलसर, घाईतली.

माझी.

त्या दिवशी मला माहीत नव्हतं का? होतं… चारदा लिहून देण्याइतकं माहीत होतं. सकाळपासून इतका सरळ धावणारा राग आता कुठल्या तोंडाकडे वळवावा हेच तिला कळेना. तो विझला मात्र नव्हता.